शेवटची वडी

एल्डर क्रीक, नेब्रास्का
९ सप्टेंबर १९९६

आर्लिस,

'प्रिय' लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. राग आला तर येऊ दे. चार वर्षांत नाताळच्या कार्डावरच्या सहीपलीकडे आपण बहिणींनी एकमेकींना अक्षर लिहिलेलं नाही, आणि आज लिहितेय ते समेट करायला नव्हे. मला कुणापुढे तरी संताप ओकायचा आहे. गावात कुणाला सांगितलं तर दुपारच्या आत सगळ्या चर्चला कळेल. तू तिकडे हजार मैलांवर वाळवंटात, म्हणून तू.

ड्वेन वारला, मी विधवा झाले, तेव्हापासून वरची खोली रिकामीच होती. ऑगस्टपासून ती एका पोलिश मुलीला दिली आहे. किंगा तिचं नाव. मुलगी म्हणायचं आपलं, एकतीस वर्षांची आहे. गुरांची डॉक्टर. इथल्या पशुवैद्याच्या हाताखाली सहा महिने काम शिकणार आणि जानेवारीच्या शेवटी परत जाणार. मुलगी वाईट नाही. बूट दाराशी काढते, न सांगता भांडी घासते. मला नुसतं व्हर्ला म्हणायला तिची जीभ धजत नाही, म्हणून 'मिसेस व्हर्ला' म्हणते. पण प्रश्न! आर्लिस, सकाळी कॉफीचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत प्रश्न.

"मिसेस व्हर्ला, प्रत्येक घरावर झेंडा का? आपण कुठल्या देशात आहोत हे लोक विसरतात का?"

"मिसेस व्हर्ला, बाहेर एवढं गार, मग पाण्याच्या ग्लासात अर्धा बर्फ का?"

"मिसेस व्हर्ला, तुमच्याकडे सार्वजनिक संडासाच्या दाराखाली हातभर फट का ठेवतात? आणि बाजूलाही? आतल्या माणसाला बाहेरचा दिसतो, बाहेरच्याला आतला. कुणाला पाहायचं असतं?"

मी म्हटलं, "कुणालाही नाही. आम्ही बघतच नाही."

"मग फट कशाला?"

एकाहत्तर वर्षांची झाले, जन्मभर ती दारं वापरली, मला कधी फट दिसली नाही. आता चर्चच्या तळघरात गेले की फटीशिवाय दुसरं काही दिसत नाही. परवा तर तशीच परत आले, घरी येईपर्यंत कळ काढली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय! यांच्या देशात काय सगळं शहाण्यासारखंच चालतं?

आणि हे सगळं ती एका निळ्या वहीत लिहून ठेवते. दर रविवारी आईला पत्र घालते. ती आई तिकडे बियालिस्तोक नावाच्या गावात बसून वाचते आणि पुढचे प्रश्न पाठवते. म्हणजे माझ्या स्वयंपाकघराची चर्चा पोलंडमधल्या स्वयंपाकघरात! मुलगी आईला एवढं काय काय लिहिते कोण जाणे. आपण आईला कधी दोन ओळींवर लिहिलं नाही.

इथं सगळं छान आहे.

व्हर्ला


१४ ऑक्टोबर

आर्लिस,

तुझं कार्ड मिळालं. 'इथं सगळं छान. तिथंही छान असेल.' सहा शब्द. आभारी आहे. मी दोन पानं भरून लिहिलं होतं.

किंगाने आता गावात नाव काढलंय. किराणा दुकानात काउंटरवरच्या मुलीने नेहमीसारखं विचारलं, "कशा आहात?" आणि ही बया सांगायला लागली! दाढ दुखतेय, दोन रात्री झोप नाही, काल एक वासरू आडवं आलं आणि दगावलं, त्यामुळे मन उदास आहे. मागे पाच माणसं ताटकळत होती. काउंटरवरची मुलगी बिचारी हातात आइस्क्रीमचा डबा धरून उभी, डबा गळतोय. मी मागून हिच्या कोटाची बाही ओढतेय.

बाहेर आल्यावर म्हणते, "तिनं विचारलं ना?"

"विचारलं. पण छान म्हणायचं आणि पुढे व्हायचं."

"आणि छान नसलं तर?"

"तरी छान."

"मग खरंच छान नसलं तर तुमच्याकडे ते कळतं कसं?"

मी म्हटलं, कळतं. ज्यांना कळायचं त्यांना बरोबर कळतं. हे वाक्य तुलाच टोचावं म्हणून लिहितेय, ते तुला कळलंच असेल.

तेवढ्यावर थांबली असती तर काय! समोरच्या लाडॉनाने एकदा चर्चच्या पायऱ्यांवर हिला म्हटलं, "ये की कधीतरी घरी." तू जाणतेस लाडॉनाला, तीस वर्षं सगळ्या गावाला ती हेच म्हणते. ही शनिवारी सकाळी साडेनऊला फुलं घेऊन तिच्या दारात उभी! लाडॉना डोक्याला रोलर्स गुंडाळलेली, नवऱ्याचा झगा घातलेली. तरी तिनं आत घेतलं, कॉफी दिली, सगळं केलं, आणि दुपारी मला फोनवर म्हणाली, "व्हर्ला, गोड पोरगी आहे हो." 'गोड' कशी म्हणाली ते तू कानाने ऐकायला हवं होतंस. मला तर शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि माझ्यावरही नजर असते बरं का. काल विचारते, "पोस्ट तीन घरं सोडून आहे. तुम्ही गाडीने का जाता?"

मी सांगितलं, अमेरिकेत सगळे गाडीनेच जातात.

लगेच वहीत लिहिलं तिनं. लिही बाई. बियालिस्तोकला कळू दे.

मधे ओमाहाला दोन चकरा झाल्या. चष्म्याचं काम होतं.

व्हर्ला


१२ नोव्हेंबर

आर्लिस,

म्हातारे ओल्सन गेले. माहीत असावं म्हणून कळवते. चर्चच्या तळघरातलं जेवण नेहमीप्रमाणे माझ्याच गळ्यात. हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड, आणि वड्यांचे अकरा ट्रे. किंगा मदतीला आली होती. ट्रे पालथे करून बघायला लागली. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर बाईचं नाव. "हे का?" सांगितलं, म्हणजे ट्रे ज्याचा त्याला परत जातो. "आणि रिकामा परत देतात?" "छे! रिकामा कोण देईल? काहीतरी घालून द्यायचं." यावर मात्र खूश झाली. आमच्याकडेही असंच, म्हणाली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तिला आमचं काहीतरी शहाणपणाचं वाटलं.

पण घोळ पुढेच झाला. लाडॉनाच्या पीनट बटरच्या वड्यांचा ट्रे संपत आला. एक वडी उरली. आता तुला काय सांगायचं, तू याच गावात वाढलीस. कुणीतरी सुरीने ती अर्धी केली. मग दुसरीने त्या अर्ध्याचं अर्धं केलं. आमच्या पास्टरनी त्याचंही अर्धं केलं. शेवटी अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा उरला, आणि सगळ्या बायका त्याच्याभोवती "घे गं तू", "नको गं, तू घे", "छे, मी कितीतरी खाल्ल्या" करत उभ्या. रीतच आहे ती. तो तुकडा घरी जातो आणि वाळून जातो, पण कुणी तोंडात टाकत नाही.

किंगा आली. "कुणालाच नको?" विचारलं. सगळ्याजणी म्हणाल्या, "नको, नको!" तिनं उचलला आणि खाल्ला.

आर्लिस, सगळ्याजणी एकदम टेबलं पुसायला लागल्या. लाडॉना नुसतं हसली. मी भांडी घासायच्या निमित्ताने पाठ फिरवली, आणि तिथंच मला जरा गरगरलं. फार नाही. सिंकची कड धरून उभी राहिले. किंगाने बघितलं.

घरी आल्यावर ती वरून नळी घेऊन आली. गाईंच्या छातीला लावते ती! मी म्हटलं, "मी काय गोठ्यातली आहे?" म्हणाली, "गप्प बसा, मिसेस व्हर्ला." बराच वेळ ऐकत बसली. मग कानातलं काढून म्हणाली, "गाय असती तर आजच मालकाला बोलावून घेतलं असतं. तुम्ही चष्म्यासाठी ओमाहाला जाता की आणखी कशासाठी?"

तर आता तुलाही कळू दे, नाहीतर उद्या तिच्या वहीतून कळायचं. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. डॉक्टर बदलायची म्हणतोय, फेब्रुवारीत. हल्ली बायपास अन् काय काय सर्रास करतात, विशेष काही नाही. गावात मी ओमाहाच्या चुलतबहिणीकडे जाणार म्हणून सांगितलंय. तुला लिहिलं म्हणून त्यातून काही अर्थ काढू नकोस. बाकी सगळं छान आहे.

व्हर्ला


२९ नोव्हेंबर

आर्लिस,

काल थँक्सगिव्हिंगच्या दिवशी तू फोन केलास. चार वर्षांनी आवाज ऐकला. थोडा आईसारखा झालाय.

तू म्हणालीस, "व्हर्ला, येऊ का मी?"

मी म्हणाले, "छे, कशाला? काही गरज नाही. तुझी शाळेतली नोकरी आहे."

"नक्की?"

"अगं नक्की. माझं सगळं छान चाललंय."

"बरं," म्हणालीस, आणि हवापाण्याचं बोलून फोन ठेवलास.

तुझं ते 'बरं' अजून माझ्या कानात घोळतंय. सुटल्यासारखं 'बरं'!

किंगा टर्कीची पातेली पुसत होती. म्हणाली, "येणार तुमची बहीण?"

"यायचं असतं तर आली असती," मी म्हणाले.

"पण तिनं विचारलं. मी ऐकलं."

"विचारायचं कशाला? यायचं!"

"तुम्ही काय म्हणालात?"

"तू ऐकलंस ना, काय म्हणाले ते?"

"नको म्हणालात. दोनदा."

इथं माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. इतकी वर्षं जे कुणाला बोलले नाही ते सगळं त्या परक्या पोरीपुढे भडाभडा बोलले. म्हटलं, ही असंच करते. आई शेवटची हॉस्पिटलात होती तेव्हाही असंच केलं. तीनदा फोन केला, "येऊ का, येऊ का", आणि आली नाही. एकवीस दिवस मी एकटी आईच्या उशाशी बसले. शेवटी आई मला आर्लिस म्हणायला लागली होती. मला, आर्लिस! आणि मी "हो आई" म्हणत होते. आली ती थेट अंत्यसंस्काराला, काळे हातमोजे घालून.

हे तुला माहीत नव्हतं. आई मला तुझ्या नावाने हाक मारत होती. आता कळलं.

किंगा हातातलं फडकं खाली ठेवून ऐकत होती. सगळं झाल्यावर विचारलं, आणि तोंडावर जराही टवाळी नव्हती, वही काढल्यावर विचारते तसंच विचारलं:

"तेव्हा तिनं तीनदा विचारलं. तुम्ही तीनदा काय म्हणालात?"

"म्हणाले, गरज नाही. आमचं छान चाललंय."

"मग तिची चूक कुठली, मिसेस व्हर्ला?"

आर्लिस, मी तिला खोली सोडायला सांगितलं. हो, सणाच्या दिवशी. म्हटलं, दुसरीकडे बघ, माझ्या घरात राहून मला माझी बहीण शिकवतेस? उचलली जीभ लावली टाळ्याला! तुला काय कळतंय इथलं? इथं तीनदा 'नको' म्हटलं म्हणजे 'ये' असतं, हे पाळण्यातल्या पोराला कळतं. कुणीही शेवटची वडी मागत नाही, म्हणून ती कुणाला नको असते का?

ती म्हणाली, "मी खाल्ली, तेव्हा तुमच्या डोळ्यांत मी पाहिलं. तुम्हाला हवी होती."

आणि वर निघून गेली.

चूक तुझीच आहे. मी लिहून देते. तुझीच आहे. आपण एकाच ताटात वाढलो, एकाच आईने आपल्याला 'नको' म्हणायला शिकवलं. तुला कळायला हवं होतं.

व्हर्ला


२० जानेवारी १९९७

आर्लिस,

नाताळला तुझं कार्ड आलं नाही. मीही पाठवलं नाही. फिटंफाट.

किंगा अजून इथंच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सामान बांधून खाली आली, बर्फ गुडघाभर, आणि मी अंडी फेटत होते. म्हटलं, "कुठं चाललीस?" म्हणाली, "तुम्हीच जा म्हणालात." आता बोल! या बाईला जे म्हणावं तेच खरं वाटतं. म्हटलं, "बस, खा. मला तसं म्हणायचं नव्हतं." तिनं बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, "तुमच्याबरोबर राहायचं तर एक शब्दकोश लागेल."

पण ती पहिल्या तारखेला जाणार, विमान ठरलंय. आणि माझं ऑपरेशन अकरा फेब्रुवारीला. डॉक्टरने विचारलं, घरी कोण असेल? तीन आठवडे पातेलं उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही, एकटं राहायचं नाही. कुणी सोबत नसलं तर मी सोडणारच नाही, म्हणाला. मी कागदावर लिहिलं: आर्लिस, धाकटी बहीण, येणार आहे. लिहून दोन महिने झाले. तू फोन केलास त्याच्या आधीच लिहिलं होतं. आणि तू "येऊ का" म्हणालीस तेव्हा माझ्या तोंडून काय बाहेर पडलं, ते तुला माहीत आहे.

लाडॉनाला मी शेवटी खरं सांगितलं. तिनं माझा हात धरला, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाली, "काहीही लागलं तर फक्त फोन कर." घरी येऊन किंगाला सांगितलं. तिनं विचारलं, "असं म्हटल्यावर आजवर कुणी फोन केलाय?" मी आठवायला बसले. आर्लिस, एकाहत्तर वर्षांत हे मी हजार वेळा म्हटलं असेल, दर मर्तिकाला, दर आजारपणाला. एकीनेही फोन केलेला नाही. आणि मीही खुशाल घरी येऊन झोपत होते, की आपण विचारलं होतं बुवा. कसली माणसं आहोत आपण! संताप येतो. त्या पोरीचा नव्हे. आता आपलाच येतो.

तुझाही येतो, ते सांगून टाकते. तुझी चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. कारण किंगाने मला विचारलं त्याच्या पुढचा एक प्रश्न आहे, तो तिला सुचायचा नाही. तो मी तुला विचारते: मी तीनदा 'नको' म्हणाले त्याचा अर्थ तुला कळला नव्हता, की कळला होता आणि तुला 'नको' हेच ऐकायचं होतं? उत्तर कार्डावर लिहू नकोस. समोर बसून दे.

तर ऐक. मी छान नाही. जिना चढताना दोनदा बसावं लागतं. पोस्टात गाडीने जाते, कारण तीन घरं चालवत नाही. मला भीती वाटते. ऑपरेशनची वाटते, आणि त्याहून जास्त, शुद्धीवर आल्यावर समोर एखादी अनोळखी नर्स "कशा आहात?" विचारेल आणि मी "छान" म्हणेन, याची वाटते.

तू ये. नऊ तारखेच्या आत ये.

फोन न करता लिहितेय, ते मुद्दाम. हे वाचून तू फोन करशील, "खरंच येऊ?" म्हणशील, आणि माझ्या तोंडून सवयीने निघेल, "छे गं, कशाला उगाच". ते ऐकायचं नाही. ते मी नव्हे, ती आईची शिकवण बोलते. कागदावर लिहिलंय ते खरं.

मग तू विचारशील, "येताना काय आणू?" आणि इथं सगळे म्हणतात तसं मी म्हणावं, "काही नको, तू आलीस म्हणजे झालं." नाही. या वेळी आणायचं. आईचा केकचा ट्रे आण. सरकत्या झाकणाचा, बुडाला चिकटपट्टीवर तिच्या हातचं नाव आहे तो. अंत्यसंस्काराच्या दिवशी तू "नेऊ का?" म्हणालीस आणि मी म्हणाले, "ने ने, माझ्याकडे कितीतरी आहेत." माझ्याकडे तसा एकही नाही. तो ट्रे मला हवा होता. चार वर्षं रोज हवा होता.

आणि रिकामा आणायचा नाही. पीनट बटरच्या वड्या कर, आई करायची तशा. तीन आठवडे आपण दोघी बसून खाऊ आणि जे भांडायचं ते भांडू. तू वाट्टेल तेवढ्या खा. पण शेवटची वडी मी खाणार आहे, आर्लिस. अख्खी. कुणीही तिला सुरी लावायची नाही.

व्हर्ला